किसनमामांची लांब शिट्टी

धारूरच्या बाजारात, चहाच्या हॉटेलपुढे, किसनमामांनी मला चारचौघांत विचारलं होतं, "सर, हा दगड कधीकाळी मऊ व्हता म्हन्ता. तुमी सोता बघितलाय का?"

मी भूगोलाचा मास्तर. दरवर्षी फळ्यावर तोच एक त्रिकोणी डोंगर काढायचो, त्याच्या पोटातून लाल खडूने रस्ता वर न्यायचो आणि शेंड्यावर पांढऱ्या खडूचा धूर सोडायचो. त्या दिवशी हॉटेलात मला जरा जास्तच चेव आला होता. हा सगळा बालाघाट, किल्ल्याखालचा खडक, तुमच्या आमच्या विहिरीतला काळा पाषाण, हे सगळं एकेकाळी पातळ रस होतं; जमिनीला भेगा पडल्या आणि रस काकवीसारखा लांबवर पसरत गेला, असं मी ठोकून दिलं. लोकांनी मान हलवून चहा प्यायला. किसनमामांनी मात्र बशी खाली ठेवली.

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.

"पुस्तकानं कधी खडकाला होल मारलाय का?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. कारण खरं सांगायचं तर ज्वालामुखी सोडा, मी तोवर महाराष्ट्राबाहेरही फक्त एकदाच, तेही लग्नाच्या वऱ्हाडात गेलो होतो.

किसनमामा विहिरींना सुरुंग लावायचे. चाळीस वर्षं त्यांचा दुसरा धंदा नव्हता. अंगाने इतके लहान, की यारीच्या, म्हणजे दगड वर ओढायच्या यंत्राच्या, टोपल्यात बसून विहिरीत उतरताना वरून फक्त पागोटं दिसायचं. भुवयांत कायम दगडाची भुकटी. डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून बोलायला लागले की समोरच्याचा खांदा धरून त्याला उजव्या अंगाला घ्यायचे आणि मग ओरडायचे. गळ्यात काळ्या गोफात पितळी शिट्टी. ती लग्नातही असायची, दवाखान्यातही आणि पासपोर्टच्या फोटोतही आली असती, पण फोटोवाल्याने काढायला लावली.

शिट्टीची त्यांची एक भाषा होती. तीन आखूड म्हणजे वात पेटवली, लांब व्हा. मग आवाज मोजायचे. खडकात दारूचे आठ होल भरले असतील तर आठ आवाज व्हायला हवेत. सात झाले, तर एक सुरुंग आत जिवंत आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी विहिरीच्या काठालाही यायचं नाही. सगळे आवाज बरोबर झाले, की एक लांब शिट्टी. ती ऐकली की माणसं खाली उतरायची.

मोजायची सवय अशी अंगात भिनलेली, की घरात कुकर लावला तरी हे ओट्यावरून ओरडत, "तीन झाल्या गं!" कोणी शिंकलं तर दुसरी शिंक येईपर्यंत बोलणं थांबवायचे. देवळात घंटा वाजवणाऱ्याला एकदा त्यांनी विचारलं होतं, "पाच वाजवायच्या व्हत्या ना? चारच झाल्या. पाचवी कुठंय?"

आणखी एक खोड म्हणजे माणसांशी ते "आवो, जावो" बोलत, आणि खडकाशी "बे" म्हणून. मी एकदा विहिरीच्या काठावर उभा असताना खालून त्यांचा आवाज आला, "कावून बे, आज लई अकडलास? काल तर गोडीत व्हता!" मला वाटलं खाली गडी आहे. खाली मामा एकटेच होते. खडकाशी भांडून झाल्यावर नारळ फोडायचे आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यालाच ठेवायचे.

तर हॉटेलातल्या त्या प्रश्नानंतर दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मामा शाळेत हजर. स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, दोन काळ्या खडकांच्या मधी तांबडा पट्टा लागतो, गेरूवानी. भाजल्यागत दिसतो. त्यो कावून?"

मी सांगितलं, की एक रस आला, थंड झाला, त्यावर माती धरली. मग दुसरा रस आला आणि त्याने ती माती भाजून काढली. मामांनी एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी आमी आपले भाकरीचे पापुद्रे काढत खाली जायलोत."

तेव्हापासून आमची मैत्री जमली. पण तो एक सवाल त्यांनी सोडला नाही. भेटले की विचारायचे, "खरंच मऊ व्हता?" मी "हो" म्हणायचो. "बघितल्याबिगर हो म्हनू नगा," असं म्हणून निघून जायचे. सुरुवातीला मला ती थट्टाच वाटायची. त्यामागे काय आहे ते मला पुढे वर्षभराने कळलं.

त्यांच्या अंगणात, पाण्याच्या हौदाजवळ, नारळाएवढा एक काळा दगड होता. त्यावर कोणी कपडे धूत नसे, कोणी बसत नसे. मी एकदा चुकून पाय ठेवला तर मामी चुलीपुढून धावत आल्या. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यांना काय म्हाईत." मग मला उजव्या अंगाला घेऊन त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

भानुदास म्हणून त्यांचा जोडीदार होता. दोघांनी एकाच वर्षी पहार धरली. घाटाखालच्या एका विहिरीत आठ होल भरले. तीन आखूड शिट्ट्या झाल्या, वात पेटली, आवाज सुरू झाले. सहा, सात, आठ. मामांनी लांब शिट्टी दिली. भानुदास नेहमीसारखा पहिला उतरला. आठवा आवाज विहिरीतला नव्हताच. शेजारच्या वस्तीवर लग्न होतं आणि नवरदेव मांडवाशी आला म्हणून कोणीतरी डबलबार फटाका उडवला होता.

"त्यो म्हनायचा," मामा म्हणाले, "किसन, ह्यो दगड आईच्या पोटातनंच असा निब्बर आला असंल का रं? का ह्योबी कधी मऊ व्हता? मी म्हनायचो, गप काम कर." मग दगडाकडे बोट करून, "ह्यो त्याच्या छातीवर व्हता. मी ह्याला फोडनार व्हतो, फोडला न्हाई. सर, ह्यो कधी मऊ व्हता असं मला दिसलं, तर मी ह्याच्यावरचा राग सोडीन. माझ्यावरचाबी. न्हाईतर असाच मरीन."

त्या दिवसापासून मामांनी लांब शिट्टी वाजवलीच नव्हती. तीन आखूड वाजवायचे, आवाज मोजायचे, मग शिट्टी गोफाला तशीच सोडून स्वतः पहिले उतरायचे आणि तळातून "या!" म्हणून हाक द्यायचे. मुलीच्या, उज्ज्वलाच्या लग्नात त्यांनी वरपक्षाला एकच अट घातली होती, की एकही फटाका उडवायचा नाही. वरपक्षाला वाटलं, मुलीचा बाप साधेपणाचा भोक्ता आहे. त्यांनी मामांचा जाहीर सत्कारही केला.

हीच उज्ज्वला पुढे आमच्या सगळ्या धमालीचं कारण झाली. तिचा नवरा संदीप साखर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर. इकडच्या कारखान्यातून तो थेट इंडोनेशियात, जावा बेटावरच्या कारखान्यात गेला. "ऊस काय आपल्याला सोडंना!" मामा म्हणाले होते. एक दिवस उज्ज्वलाचा फोन आला. अण्णा, आई, तुम्ही या. आणि जाता जाता सहज म्हणाली, इथून जवळच ब्रोमो नावाचा डोंगर आहे, अजून धुमसतो, राष्ट्रीय उद्यान आहे, लोक जीपने जातात आणि काठावरून आत डोकावून बघतात.

अर्ध्या तासात मामा माझ्या दारात. "सर, कपडे भरा."

"मी कशाला? तुमची मुलगी, तुमचा जावई..."

"आन् तितं जर खोटं निघालं तर मी कुनाला धरू?"

मी तेव्हा निवृत्त होऊन मोकळाच होतो. घरातून तर मला हौसेने ढकललं गेलं.

पासपोर्टच्या खिडकीवर मामांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. यंत्रावर दहा वेळा बोटं दाबली, पुसली, पुन्हा दाबली. दगडाने बोटं गुळगुळीत करून टाकली होती. खिडकीतली मुलगी बिचारी घाबरून म्हणाली, "काका, ठसे कुठे गेले तुमचे?" मामा म्हणाले, "धारूरच्या समद्या विहिरींत हायत, ताई. एक एक दाखवतो, चला." शेवटी त्या मुलीने त्यांची बोटं ओली केली, कोरडी केली, फुंकर घातली आणि कसेबसे चार ठसे मिळाले. मामांनी तिला एक आखूड शिट्टी फुंकून दाखवली. सगळं ऑफिस उभं राहिलं.

विमानतळावर तर माझी पाचावर धारण बसली. निघायच्या चार दिवस आधी चौसाळ्याकडे निरोपाची म्हणून एक विहीर त्यांनी उडवली होती, आणि हातातली पिशवी तीच. तपासणीच्या माणसाने कागदाची पट्टी पिशवीवर फिरवून यंत्रात घातली आणि यंत्र कोकलायला लागलं. त्याने अगदी सभ्यपणे विचारलं, "बाबा, तुम्ही कधी स्फोटकं हाताळली आहेत का?"

मी मामांचा सदरा ओढला. मामींनी डोळे मिटले. मामा छाती काढून म्हणाले, "चाळीस वर्सं!"

पुढचा पाऊण तास ते आत होते. मी मनातल्या मनात धारूरला परतही पोचलो होतो. मग दार उघडलं आणि मामा दोन साहेबांच्या मधून चालत आले. परवाना त्यांनी घडी घालून खिशात आणलेलाच होता. एक साहेब वहीत काहीतरी लिहून घेत होता. त्याच्या गावाकडच्या विहिरीला पाणी नव्हतं आणि मामांनी त्याला पूर्वेकडच्या अंगाला आडवा होल मारायला सांगितलं होतं.

हे सगळं होईपर्यंत मला माहीत नव्हतं, की मोठ्या बॅगेत लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे यांच्या मधोमध तो दगड आहे. जावात तिच्या घरी पोचल्यावर उज्ज्वलाने बॅग उघडली आणि तो दोन्ही हातांनी उचलून आईपुढे धरला. मामी तडकल्या, "पोरीला भेटायला आलाव का दगडाला फिरवायला?" मामा दगडावरचं चटणीचं तिखट पुसत म्हणाले, "ह्याला त्याच्या म्हायेराला आनलंय."

मी मनात हादरलो. आता सगळा भार माझ्या फळ्यावरच्या त्या त्रिकोणी डोंगरावर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर आमची जीप काळ्या वाळूच्या मैदानात उतरली. चहूकडे डोंगरांचं कडं, मध्ये सपाट काळी वाळू आणि तिच्या मधोमध शेंडा उडालेला, सुरकुत्या पडलेला ब्रोमो. त्यातून पांढरा धूर वर चालला होता. माझ्या फळ्यावरच्या चित्रासारखा तो अजिबात नव्हता. त्याला त्रिकोणच नव्हता. तरीही मी वेड्यासारखा हसत सुटलो. छत्तीस वर्षं ज्याच्या नावावर पगार घेतला, तो समोर धूर सोडत बसला होता.

उज्ज्वला जीपमध्येच थांबली. घोडेवाले धावत आले. मामांनी घोडा नाकारला. पिशवीत दगड घालून खांद्याला लावली आणि वाळूतून असे सुटले, की मी आणि संदीप मागे धापा टाकत. वाऱ्याबरोबर गंधकाचा भपकारा आला. लोकांनी नाकाला फडकी लावली. मामी म्हणाल्या, "काय नासलंय गं बाई!" मामांनी उलट छाती भरून वास घेतला. "सुरुंगाचा वास हाय! आपल्याच धंद्यातला हाय ह्यो!"

वर जायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. मामा त्याही मोजत होते आणि मध्ये मी काही विचारलं की चिडत होते. काठावर पोचलो तर तिथे चक्क गणपती बसलेला. तिकडच्या डोंगरातले लोक हिंदू, ते त्याला फुलं वाहतात आणि आत विवरात भाजीपाला, धान्य सोडतात. मामींचा चेहरा एकदम खुलला. "बघा, आपलंच गाव निघालं," म्हणून त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. गुडगुडलं, पायाखालची जमीन जराशी थरारली.

मामांचा हात आपोआप गळ्याशी गेला. तीन आखूड शिट्ट्या! आणि पाठोपाठ विहिरीच्या काठावरची ती खणखणीत आरोळी, "सुरुंग हाऽऽय! लांब व्हाऽऽ!"

भाषा कोणाचीच सारखी नव्हती, पण अर्थ सगळ्यांना कळला. कॅमेरावाला एक उंच गोरा माणूस सपाट पालथा झाला. दोन बायका गणपतीच्या मागे बसल्या. पंधरावीस माणसं पायऱ्यांकडे पळाली. मामी तेवढ्या जागच्या जागी उभ्या राहून हातवारे करत म्हणत होत्या, "आवो, पळू नगा, ह्यांची सवय हाय!" मला हसू आवरेना. पोट धरून मी कठड्याला टेकलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उद्यानाचा रखवालदार तणतणत आला. संदीपने त्याला त्यांच्या भाषेत सांगितलं, की हे आमचे सासरे, दगड फोडण्याचं काम करतात. रखवालदाराने मामांचे हात बघितले, शिट्टी बघितली, आणि तोही हसला. त्याच्याही गळ्यात शिट्टी होती. त्याने खुणेने सांगितलं, इथे ती मी वाजवतो.

गडबड निवळली, लोक कपडे झटकत उठले. मग मामा कठड्याशी गेले आणि आत डोकावले. मी त्यांच्या उजव्या अंगाला. आत खोल भगदाड होतं, पिवळट राखाडी उतार आणि तळाशी भसाभसा धूर. लाल रस कुठेही नव्हता.

मामांनी बराच वेळ बघितलं. मग हळू विचारलं, "मऊ कुठंय, सर?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. "खाली आहे, मामा. धुराच्या खाली. नेहमी दिसत नाही तो."

"दिसत न्हाई," ते म्हणाले. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी उकिडवे बसले. एवढा समुद्र ओलांडून मी या माणसाला धूर दाखवायला आणलं होतं. मला इतकं वाईट वाटलं, की आपण त्या दिवशी हॉटेलात तोंड उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असं झालं.

बसल्या बसल्या मामांची बोटं जमिनीत रुतली. काठावर राखेचा थर होता. त्यांनी मूठ भरली, मूठ उघडली, पुन्हा भरली. "हे काय हाय?"

मी म्हणालो, "राख." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मामा, ही लाकडाची राख नाही. इथे काय जळणार? हा दगडच आहे. आतून आलेला. दगडच असा बाहेर पडतो."

"ह्यो दगड हाय?"

"दगड आहे. एवढं मी पुस्तक न बघता सांगतो."

मामांनी दोन्ही हात कोपरापर्यंत त्या राखेत घातले. बाजरीच्या पिठासारखी करडी, मऊसूत राख त्यांच्या बोटांमधून खाली सांडत होती. ती गालाला लावली, तळहातावर चोळली. मग एकदम ओरडले, "अगं ये! इकडं ये! हात लाव! ह्याची भाकरी थापता येईल बघ!" मामी वाकल्या, चिमूट चोळून म्हणाल्या, "आगं बाई, खरंच की!" मामांनी मला धरून जवळजवळ नाचवलं. मघाच्या गोऱ्या माणसाच्या हातावर एक मूठ ठेवली आणि त्याला मराठीत सांगितलं, "मऊ हाय! बघितलाव का? मऊ व्हता त्यो!" त्यानेही मान हलवली. आम्ही सगळेच राखेने माखलो होतो आणि पोरांसारखे हसत होतो.

मग मामांनी पिशवीतून दगड काढला. रखवालदार पुढे झाला. संदीप त्याला काहीतरी हळू बोलला. तो मागे सरला आणि त्याने टोपी काढली.

मामांनी दगडावर मूठभर राख चोळली. "जा बे," ते म्हणाले. "भानुदासला बी सांगतो, मऊ व्हतास म्हनून. राग न्हाई आता." आणि दोन्ही हातांनी त्याला विवरात सोडलं.

दगड उतारावर एकदा आपटून धुरात गेला. मामांनी उजवा कान पुढे केला आणि हात वर केला. कोणी हलायचं नाही. तळातून आवाज आला नव्हता. मी गप्प, मामी गप्प, रखवालदार गप्प, आणि मघाशी त्या आरोळीने पळालेली माणसंही ओळीने गप्प उभी. अशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मामांचा वर केलेला हात जरासुद्धा खाली आला नाही.

मग खालून, खूप खोलातून, धुडुम् झालं.

"आठ," मामा म्हणाले.

त्यांनी शिट्टी ओठांना लावली. भुवयांवर राख, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. मला किसनमामा आठवतात ते असेच. ती शिट्टी लांबत गेली, वाळूच्या मैदानावरून पलीकडच्या कड्यापर्यंत गेली, आणि श्वास संपेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

मामींनी पदराने डोळे पुसले. मग मामांच्या भुवया पुसत म्हणाल्या, "चला आता, उतरा खाली. पोरगी जीपमधी धपाटे घिऊन बसलीय."